अळणी आमटी, पानात मीठ

सहादेव आचाऱ्याला काम द्यावं, पण काम सांगू नये. घोडेगावच्या पंचक्रोशीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. "पाचशे माणूस हाय, बारा पस्तीसचा मुहूर्त हाय," एवढं बोलायचं आणि बाजूला व्हायचं. त्याच्यापुढं कुणी "आमटी जरा घट्ट करा हं" म्हणालं की संपलंच. हातातलं ओगराळं त्या माणसाच्या हातात देऊन सहादेव म्हणणार, "घ्या. तुमीच करा. मी वाढायला थांबतो." एकदा एका गावच्या सरपंचाच्या मेव्हण्याला त्यानं असं चुलीपुढं अर्धा तास उभं केलं होतं. धुरानं डोळे सुजले बिचाऱ्याचे.

माणूस वाईट नाही हो. चौपन्न वर्षांचा, अंगानं सडसडीत, डोक्याला पंचा गुंडाळलेला, तोंडानं तिखट आणि हातानं सोनं. एकतीस वर्षं लग्नाच्या पंगती रांधतोय, पण अजून त्याला काही मोजावं लागत नाही. मिठाचं तर बघायलाच नको. पातेल्याच्या कडेला उभा राहून वाफ नाकात घेतो, उजवा हात आपसूक पोत्यात जातो, मूठ भरते आणि आमटीवरून फिरते. त्या मुठीला डोळे आहेत, असं पुऱ्या लाटणाऱ्या बायका म्हणतात.

आणि एवढं सगळं न चाखता बरं का. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी आचाऱ्यानं एक थेंबही जिभेला लावायचा नाही, हा त्याच्या चुलत्याचा दंडक. त्या चुलत्यानंच त्याच्या हातात ओगराळं दिलं. एकतीस वर्षांत सहादेवनं तो दंडक एकदाही मोडला नाही.

आता चुलत्याचं पण सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चुलता सहादेवपेक्षा मोठा आचारी. पण एका लग्नात नवरदेव रुसला, त्याची समजूत काढायला चुलत्याला नेलं, आणि त्या गडबडीत आमटीत मीठ राहिलं. एकदाच हो. आख्ख्या जन्मात एकदा. पण गावाचं तोंड कुणी धरलंय? त्या दिवसापासून चुलत्याचं नाव 'अळणी' पडलं. पोस्टमनसुद्धा "अळणी आचारी कुठं राहतात?" असं विचारत यायचा. म्हातारा वारला त्या दिवशी बांधावरून जाणारे दोघं "अळणी गेला रं" असं बोलले, ते सहादेवनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. तेव्हापासून त्या शब्दाचा त्यानं धसकाच घेतला. दवाखान्यात डॉक्टर कुणाला "अळणी खा" म्हणाले तरी हा उठून बाहेर जाई.

सहादेव शिकलेला चौथीपर्यंत. किराण्याची यादी लिहायची तर याला धर, त्याला धर. गेल्या दिवाळीला त्याची लेक ज्ञानेश्वरी माहेरी आली. ती केडगावला दिलेली, तिथं कॉम्प्युटरचे क्लास घेते. तिनं बापाच्या मोबाईलमध्ये एक नवीन सोय घालून दिली.

"आबा, ह्याला नुसतं बोलायचं. हे लिहून घेतं, वाचून दाखवतं, विचारलं तर उत्तर पण देतं."

"आत कोन बसलंय?"

"कुणी नाही. भाषेचं मॉडेल आहे. जगभरचं लिहिलेलं वाचून काढलंय त्यानं. त्यावरनं पुढचा शब्द काय यावा, ते त्याला समजतं."

"म्हंजे घोकंपट्टी."

"घोकंपट्टी नाही. सवय म्हणा."

सहादेवनं त्याचं नाव ठेवलं 'कारकून'. दोघांचं जमलं, पण सुरुवातीलाच एक गंमत झाली. सहादेव ओसरीवर बसून यादी सांगत होता. "हळद एक किलो. जिरं दोन किलो. आगं जया, म्हैस सुटली, धर तिला! खोबरं सहा किलो." जया म्हणजे त्याची बायको. ती म्हशीमागं पळाली. इकडं कारकुनानं यादी केली, आणि सहादेवनं ती न वाचता किराणावाल्याला धाडून दिली. संध्याकाळी दुकानदाराचा फोन. "सहादेव, बाकी सगळं भरलं. पण 'म्हैस एक, सुटी' लिहिलंय, ती काय आमच्याकडं मिळत न्हाई बाबा."

महिनाभर बाजारात त्याला लोक सुट्या म्हशीचा भाव विचारत होते. सहादेवनं लेकीला फोन करून कारकुनाची कुलंगडी सांगितली. ती हसत म्हणाली, "आबा, तुम्ही त्याला सांगताय का आईला, हे त्याला कसं कळणार? त्याला मान वळवलेली दिसते का तुमची?" हे सहादेवला पटलं. तेव्हापासून तो कारकुनाशी बोलताना बाकी कुणाशी बोलत नसे.

तर गेल्या माघात, बाजाराच्या दिवशी, स्नेहल स्कूटीवरून त्याच्या दारात आली. स्नेहल म्हणजे शेजारच्या वस्तीवरच्या श्रीमंत तात्यांची एकुलती एक लेक. श्रीमंत हे तात्यांचं नाव. पंधरा दिवसांवर तिचं लग्न. मुलगा मिरजगावचा. स्वयंपाक सहादेवकडंच होता, सगळं ठरलेलं होतं. नवरीनं स्वतः आचाऱ्याच्या घरी यायचं काही कारण नव्हतं.

"अण्णा, एक सांगायचं होतं," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "आमटीत मीठ घालायचं न्हाई. भाजीत बी न्हाई. आन् हे तात्यांना सांगायचं न्हाई."

सहादेवला वाटलं पोरगी चेष्टा करतेय. पण ती हसत नव्हती.

"काय म्हनलीस?"

"मीठ घालायचं न्हाई."

"येड लागलंय का तुला?" सहादेव कडाडला. "पाचशे मानसांची पंगत, आन् बिनमिठाची? घरला जा. आन् जाताना पदरात दगड घेऊन जा, लग्नाच्या दिवशी लोकं मला मारतील तवा तुझे बी चार असू देत त्यात!"

स्नेहल जागची हलली नाही. "तुमी एवढं ओरडताय. मी मोबाईलला विचारलं तर तो लगेच म्हणाला, हो, करता येईल. लिंबू वाढवा, आमसूल घाला, लसणाची फोडणी द्या, चव येते म्हणाला."

"त्यानं इचारलं का, का म्हणून?"

"न्हाई."

"मी इचारतो. का?"

एवढं विचारल्यावर मात्र ती पायरीवर बसली.

तात्यांचं हृदय आठ महिन्यांपासून थकलं होतं. पायाला सूज, दोन पावलं चाललं की दम. डॉक्टरांनी मीठ जवळजवळ बंदच केलं. घरात तात्यांचं वेगळं शिजायला लागलं, आणि तेव्हापासून तात्यांनी कुणाच्या पंगतीला बसणं सोडलं. ज्या माणसानं तरणेपणी पैजेवर वीस पुरणपोळ्या खाल्ल्या, तो आता लोकांच्या लग्नात अक्षता टाकून मागच्या मागं घरी यायचा. लोकांमध्ये डबा उघडायची त्यांना लाज वाटायची.

आणि आता लेकीचंच लग्न. त्या वस्तीवरची रीत अशी, की लग्न लागलं की दोन्ही व्याही पंगतीत शेजारी बसतात आणि पानातला पहिला घास एकमेकांना भरवतात. तोवर कुणी पानाला हात लावत नाही. तात्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, की मला उपास आहे म्हणून सांगा, घास मामा भरवतील.

"मी म्हनलं, तात्या, तुमचा डबा पानात वाढू," स्नेहल म्हणाली. "तर म्हनले, आजारी मानसाच्या डब्यातला घास पाव्हन्याला भरवू का? आन् त्याचा खारट घास मी खाऊ का? मी बसनारच न्हाई. अण्णा, माझा बाप माझ्या लग्नात उपाशी मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहनार. मला नुसतं ते डोळ्यापुढं आलं तरी घास उतरत न्हाई."

सहादेवनं डोक्याचा पंचा काढून मान पुसली. मग म्हणाला, "बघतो." 'हो' म्हणणं त्याच्या जिवावर आलं होतं. पाचशे माणसांसमोर चुलत्याचं नाव आपल्या हातानं आपल्या कपाळावर चिकटवून घ्यायचं, ही काय सोपी गोष्ट आहे?

ती गेल्यावर त्यानं कारकुनाला पुढ्यात घेतलं. "पाचशे मानसांची यादी कर. आमटी, वांग्याची भाजी, भात, पुरी, बुंदी. कशातच मीठ घालायचं न्हाई."

कारकुनानं झरझर यादी वाचली. डाळ बरोबर, तेल बरोबर, गूळ बरोबर. आणि शेवटी म्हणाला, "मीठ, चवीनुसार."

"आरं कानात बोळं घातलंस का?"

"माफ करा, तुमचं बरोबर आहे. मीठ काढून टाकलं आहे," कारकून गोड आवाजात म्हणाला. मग सहादेवनं बिनमिठाच्या आमटीची कृती विचारली. कारकुनानं नीट सांगितली, आणि शेवटी पुन्हा, "चवीनुसार मीठ घालून एक उकळी आणा."

सहादेवनं मोबाईल उशीखाली कोंबला आणि जयाच्या फोनवरून केडगावला फोन लावून स्नेहलपासून सगळं सांगितलं. ज्ञानेश्वरी पोट धरून हसली.

"आबा, त्यानं वाचलेल्या हजार आमट्यांच्या शेवटी मीठच आहे. तुमचं एक वाक्य एकीकडं, आणि जगातल्या सगळ्या आमट्या दुसरीकडं. सवय ओढते त्याला."

"म्हंजे माझ्या हातासारखंच की," सहादेव म्हणाला. आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिला. हा हात तरी ऐकेल का आपलं?

"आबा, तुम्ही त्याला कारण सांगितलंत का?"

"कारकुनाला कशाला कारण?"

"स्नेहलला तुम्ही 'का' विचारलंत ना? त्याला विचारायचं सुचलं नसेल, पण तुम्हाला सांगायला काय झालं? माणसाला सांगता तसं सांगून बघा."

सहादेवला ते वेडेपणाचं वाटलं. तरी त्यानं खाटेवर बसून, म्हैस सुटलेली नाही याची खात्री करून, कारकुनाला सगळी हकिगत सांगितली. तात्यांची सूज, वीस पुरणपोळ्या, व्याह्यांचा घास, सगळं.

ह्या वेळी कारकून चवीनुसार वगैरे काही बोलला नाही. आधी त्यानं सरळ उपाय सांगितला, की वडिलांची आमटी लहान पातेल्यात वेगळी करा. सहादेव म्हणाला, "वेगळंच तर नको हाय लेका. एकच पातेलं." कारकून म्हणाला, "समजलं. एकच पातेलं." मग त्यानंच उलटं विचारलं. पुरीच्या पिठात, पापडात, लोणच्यात मीठ असतं, ते वडिलांच्या पानात वाढणार का? भाजीला तयार मसाला वापरता का? त्यात बहुधा मीठ असतं, पाकीट बघून घ्या. डॉक्टरांना एकदा विचारून घेतलेलं बरं.

सहादेवनं जयाला पाकीट आणायला लावलं. तिनं डोळे बारीक करून मागची अक्षरं वाचली. होतं की मीठ! सहादेवनं कपाळाला हात लावला. आपण मूठ आवरली असती, पातेल्यावर पहारा बसवला असता, आणि मीठ पाकिटातून गुपचूप शिरलं असतं.

"कारन कळलं की तू बी मानसात येतोस की रं," तो मोबाईलला म्हणाला. त्यानं दुसऱ्या दिवशी स्नेहलकडून डॉक्टरांना फोन करवला, आणि ठरवलं, की भाजीचा मसाला घरी कुटायचा, पुरीचं पीठ बिनमिठाचं मळायचं, आणि पापड-लोणचं तात्यांच्या पानात वाढायचं नाही.

राहता राहिली बाकीची पाचशे तोंडं. ते कोडं कारकुनाला सुटणारं नव्हतं, सहादेवलाच सोडवायचं होतं. दोन दिवस तो तेच डोक्यात घेऊन फिरला. तिसऱ्या दिवशी जेवताना जयानं त्याच्या ताटात डाव्या बाजूला लिंबाची फोड ठेवली, आणि सहादेव घास तसाच हातात धरून थांबला. लहानपणी चुलत्याच्या हाताखाली तो पंगतीत काय वाढत फिरायचा? मीठ! पानावर सगळ्यात आधी डाव्या कोपऱ्यात मिठाची चिमूट पडायची, आणि बाकीचं सगळं मागून. आता ताटं आली, उभ्यानं खाणं आलं, आणि पानातलं मीठ कधी गेलं ते कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

"जया," तो म्हणाला, "मीठ आमटीत न्हाई. मीठ पानात."

"मंग तात्यांच्या पानात?"

"त्यांच्या पानात न्हाई. झालं की!"

लग्नाच्या दिवशी सकाळी चुली पेटल्या. सहादेवनं पहिलं काम काय केलं असेल, तर मनकर्णा मावशीला मिठाच्या पोत्यावर बसवलं. मनकर्णा ही पुऱ्या लाटणाऱ्या बायकांची म्होरकी. साठीची, तोंडाची फटकळ, सहादेवला अरेतुरे करणारी एकटीच.

"मावशे, मी मागितलं तरी मीठ द्यायचं न्हाई."

"आन् वरडलास तर?"

"तरी न्हाई."

"आन् पाया पडलास तर?"

"त्ये मी पडनार न्हाई."

"बगू," म्हातारी म्हणाली, आणि पोत्यावर ठाण मांडून लाटायला लागली. हातातलं लाटणं तिनं काही उगाच धरलं नव्हतं. डाळ शिजून घाटली, आणि सहादेवचा हात बोलता बोलता पोत्याकडं आला. तिनं लाटण्यानं फटका दिला. थोड्या वेळानं पुन्हा आला, पुन्हा फटका. "तुझं डोकं ऐकतंय, पर हात लई खोडीचा हाय बाबा," ती म्हणाली.

अकराच्या सुमाराला सहादेवनं तिला उठवून पोत्यातलं मीठ वाढप्यांच्या वाट्यांमध्ये भरलं. तेवढ्यात वेशीवर बँड वाजला. नवरदेव आला म्हटल्यावर बाई कितीही म्हातारी असू दे, बघायला उठणारच. मनकर्णा गेली, तिच्यामागं सगळ्या गेल्या. सहादेव एकटा पातेल्यापाशी आला. लसणाची फोडणी नुकतीच दिलेली, आमटीला उकळी फुटलेली. तो कडेला उभा राहिला, वाफ नाकात घेतली. कुणीतरी ओरडून पाण्याचा टँकर कुठं लावायचा ते विचारलं, त्याला त्यानं ओरडून उत्तर दिलं. आणि मग त्याची नजर आपल्या तळहातावर गेली.

बोटांच्या बेचक्यात मीठ होतं.

वाट्या भरल्या त्याचं मीठ हे, का...? पोतं उघडं होतं. तो पातेल्याजवळ उभा होता, वाफ घेतली होती. एकतीस वर्षं वाफेनंतर काय होतं ते त्याला माहीत होतं. टँकरवाल्याला उत्तर देताना हातानं काय केलं, हे त्याला काही केल्या आठवेना. एक मूठ पडली असेल, तर तात्या आज सगळ्यांवर विश्वास ठेवून, आठ महिन्यांचे भुकेले, दोन वाट्या आमटी खातील. आणि रात्री त्यांचा दम कोंडेल, नव्या नवरीला सासरहून माघारी आणावं लागेल.

त्यानं डाव्या हातानं मोबाईल काढला. "कारकुना, आमटीत मीठ पडलं का न्हाई, ते न चाखता कसं वळखायचं?"

"चाखल्याशिवाय खात्रीनं सांगता येणार नाही. एक चमचा घेऊन चव पाहा."

याचं काय जातंय बोलायला, सहादेवच्या मनात आलं. याला ना देव, ना चुलता. पण राग आला तरी त्याला कळत होतं, की कारकून खरं तेच बोलतोय. हे उत्तर त्याला स्वतःलाही माहीत होतं, फक्त दुसऱ्या कुणीतरी वेगळं सांगावं असं वाटत होतं. नैवेद्याचं पान अजून कोरं होतं.

मनकर्णा परत आली, तर हा ओगराळं हातात धरून पुतळ्यासारखा उभा. तिनं त्याचा तळहात बघितला आणि तिला सगळं समजलं.

"चाख की मुडद्या."

"नैवेद्य न्हाई दावला, मावशे."

"लेकराला दूध पाजायच्या आधी आई चाखूनच बगती. पोळंल म्हून. ती काय देवाला इचारत बसती व्हय?"

सहादेवनं मांडवातल्या देवाकडं तोंड केलं, पंचा डोक्यावरून काढला. "देवा, तुझ्या आधी खातोय. राग धरायचा तर माझ्यावर धर, आमटीवर धरू नको." आणि ओगराळ्यातली आमटी तळहातावर घेऊन जिभेला लावली.

चिंच लागली, गूळ लागला, लसूण लागला. मीठ नव्हतं. त्यानं पुन्हा घेतली. नव्हतंच!

"अळणी!" सहादेव ओरडला. "मावशे, अळणी हाय! अळणी हाय आमटी!"

ज्या शब्दाला तो जन्मभर भ्याला, तोच मांडवभर ओरडत हा माणूस लहान पोरासारखा नाचत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मनकर्णानं त्याला धुराचं निमित्त देऊन बाजूला बसवलं आणि स्वतः नैवेद्याचं पान वाढलं.

लग्न लागलं. पत्रावळी पडल्या, आणि वाढपी मिठाची वाटी घेऊन पहिले फिरले. मिठामागून आमटी आली. चूल सोडून कधी पंगतीकडं न जाणारा सहादेव त्या दिवशी मांडवात गेला आणि त्यानं माईक हातात घेतला.

"मंडळी, आज आमटीत आन् भाजीत मीठ घातलेलं न्हाई. इसरलो न्हाई. घातलेलं न्हाई. मीठ पानात हाय. ज्याला जेवढं पायजे, त्यानं तेवढं घ्यावं."

कुजबुज झाली. मागच्या ओळीतून एक म्हातारा खणखणीत आवाजात म्हणाला, "आरं, पुतन्या बी अळनीच निगाला की!" अर्धी पंगत हसली. सहादेवचे कान लाल झाले. पण त्यानं माईक नीट खाली ठेवला आणि थेट मांडवाच्या खांबाकडं गेला. तिथं श्रीमंत तात्या, मागाहून आडोशाला खायचा डबा काखेत धरून, उभे होते. त्यांना सगळं कळलं होतं.

"कुनी सांगितलं तुला?" तात्यांनी विचारलं.

"तुमच्या लेकीनं."

"आन् तू ऐकलंस? तू कवा कुनाचं ऐकतोस?"

"आदी न्हाईच ऐकलं. वरडलो. मंग इचारलं, का म्हणून."

तात्यांनी डबा काखेत आणखी घट्ट धरला. "माझ्यापायी पाचशे मानसांच्या तोंडची चव..."

"कुनाची चव गेली न्हाई, तात्या. सगळ्यांच्या पानात मीठ हाय. फकस्त तुमच्या पानात न्हाई. पातेलं एकच हाय." आणि सहादेवनं त्यांच्या काखेतला डबा काढून खांबाच्या खिळ्याला अडकवला. "चला. लोकं ताटकळलीत."

मिरजगावचे व्याही काकासाहेब, अंगानं भारदस्त माणूस, पानावर बसून वाट बघत होते. "पाव्हनं, या की! तुमच्या घासाबिगर पंगत अडलीया, आन् मला सकाळधरनं च्या बी मिळाला न्हाई," ते म्हणाले. तात्या त्यांच्या शेजारी टेकले. भातावर आमटी घेतली, घास कालवला. त्यांनी तो घास व्याह्याच्या तोंडात दिला. काकासाहेबांनी चावून चावून खाल्ला, आणि त्यांच्या पानातल्या तशाच आमटी-भाताचा घास तात्यांना भरवला.

पाचशे माणसं बघत होती. वरती बोहल्यावर स्नेहल बघत होती.

"आमटी फक्कड हाय," काकासाहेब म्हणाले. मग इकडंतिकडं बघून हळूच, "पर पाव्हनं, मी जरा मीठ घेतो हां. मला न्हाई जमायचं."

आणि श्रीमंत तात्या हसले. नुसते हसले नाहीत, खोकला येईपर्यंत हसले. त्या हसण्यासरशी सगळी पंगत जेवायला लागली. कुणी मीठ जास्त घेतलं आणि तोंड वेडंवाकडं केलं, कुणी 'अळणी, अळणी' करत तीन वेळा आमटी मागून घेतली. तात्यांनी पान पुसून खाल्लं आणि हात वर केला. "आमटी आन रं!" बोहल्यावर स्नेहलनं शालूच्या पदरात तोंड लपवलं. ती रडत होती का हसत होती ते कुणाला कळलं नाही, आणि सहादेवनं तिकडं बघितलंही नाही. तो स्वतःच आमटीची बादली घेऊन तात्यांच्या पानाशी आला होता.

नाव मात्र पडलं ते पडलंच. बाजारात आता त्याला 'अळणी' म्हणतात. पहिल्या दिवशी त्यानं मागं वळून बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी एका अनोळखी बाईचा फोन आला. "पानात मीठ देणारे अळणी आचारी तुमीच का? आमच्या सासऱ्यांना बी मीठ बंद हाय. नातवाच्या बारशाला त्यांना पंगतीत बसवायचंय." त्या महिन्यात असे चार फोन आले. चौथ्याला सहादेव आपणहून म्हणाला, "व्हय, अळणीच बोलतोय. आमच्या चुलत्यापासनं नाव हाय त्ये."

बारशाची यादी करायला तो ओसरीवर बसला. डाळ सांगितली, तेल सांगितलं, आणि म्हणाला, "मीठ लिही. पर चवीनुसार लिहू नको. 'इचारून' असं लिही."

"मीठ, विचारून," कारकुनानं वाचून दाखवलं. मग म्हणाला, "कुणाला विचारायचं, ते सांगाल का?"

सहादेवनं मांडीवर थाप मारली.

"आत्ता कसा बोललास! जेवनाऱ्याला इचारायचं लेका, जेवनाऱ्याला," तो म्हणाला, आणि पुढं सांगायला लागला, "कांदा, दहा किलो."